तरुण ताऱ्याभोवतीची तबकडी: ती ओळखण्याची आणि ताऱ्यात पडणारा वायू मोजण्याची रीत

वासुकी तारकासमूहाच्या दक्षिण कडेला टीडब्ल्यू हायड्री नावाचा साधारण अकराव्या प्रतीचा एक तारा आहे. एप्रिलच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास तो पुण्याहून दक्षिण क्षितिजापासून ३७ अंशांवर, नागपूरहून ३४ अंशांवर आणि गोव्याहून ४० अंशांवर येतो. सहा इंची दुर्बिणीतून पाहिले तर तो एक साधा ठिपका दिसतो, आणि त्याच्याभोवती वायू आणि धुळीची एक अवाढव्य तबकडी फिरत आहे याची कोणतीही खूण त्या ठिपक्यात सापडत नाही. तरीही ती तबकडी आहे हे सिद्ध करणे आणि तिच्यातून दरवर्षी किती वायू ताऱ्यावर पडतो याचा आकडा काढणे, ही दोन्ही कामे आज घरच्या संगणकावर, सर्वांसाठी खुल्या असलेल्या निरीक्षणांच्या आधारे करता येतात. भौतिकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमातील विद्यार्थी आणि अनुभवी हौशी निरीक्षक या दोघांनाही झेपेल अशा बेताने ती रीत येथे पायरीपायरीने मांडली आहे. टीडब्ल्यू हायड्री हेच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे, कारण या विषयातील बहुतेक खाचखळगे या एकाच ताऱ्यावर पाहायला मिळतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की ध्यानात ठेवावी. तबकडी आपल्या नजरेस येते ती बहुतांशी तिच्यातील धुळीमुळे, पण ताऱ्यावर पडतो तो मुख्यतः वायू. तबकडीच्या एकूण वस्तुमानात धुळीचा वाटा साधारण शंभरात एक इतकाच असतो असे सुरुवातीला धरले जाते. त्यामुळे धुळीचा पुरावा आणि वायूचा पुरावा वेगवेगळे गोळा करावेत, वेगवेगळे मोजावेत आणि मगच एकमेकांशेजारी ठेवावेत. नवशिक्यांच्या हातून होणाऱ्या चुकांपैकी निम्म्याअधिक चुका ही दोन कामे एकत्र केल्यामुळे होतात, असे माझे ठाम मत आहे.

मोजणीआधी जाणून घेण्याचे भौतिकशास्त्र

अशा ताऱ्यांना टी टॉरी तारे म्हणतात. हे नाव वृषभ राशीतील, रोहिणी आणि कृत्तिका यांच्या मधल्या भागातील ज्या ताऱ्यावरून पडले, त्याचे बदलते तेज जॉन रसेल हाइंड यांनी १८५२ साली नोंदवले होते. १९४५ साली आल्फ्रेड जॉय यांनी अशा अकरा ताऱ्यांचा एक गट म्हणून अभ्यास प्रसिद्ध केला. हे सारे तारे काळ्या मेघांच्या आसपास होते, त्यांचे तेज अनियमितपणे कमीजास्त होत होते आणि त्यांच्या वर्णपटांत हायड्रोजन आणि कॅल्शियमच्या ठळक उत्सर्जन रेषा होत्या. हे तारे नुकतेच जन्मलेले आहेत ही कल्पना त्यानंतर काही वर्षांत व्हिक्टर अंबार्तसुम्यान यांनी मांडली. आज टी टॉरी हे नाव सुमारे दोन सौर वस्तुमानांपेक्षा हलक्या, ज्यांच्या गाभ्यात हायड्रोजनचे स्थिर ज्वलन अजून सुरू झालेले नाही अशा ताऱ्यांसाठी वापरतात.

मेघाचा एखादा गाभा स्वतःच्या गुरुत्वाने आकुंचन पावतो तेव्हा त्याच्यातील थोडेसे परिवलनही वाढत जाते आणि कोनीय संवेगामुळे सगळे द्रव्य थेट मध्यावर पडू शकत नाही. ते तबकडीच्या रूपात फिरत राहते आणि हळूहळू आत सरकते. तबकडी थेट ताऱ्याच्या पृष्ठभागाला जाऊन भिडते असे मात्र नाही. तरुण ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र काही हजार गाउस इतके तीव्र असते, आणि ते ताऱ्याच्या त्रिज्येच्या साधारण पाचपट अंतरावर तबकडीला अडवते. तेथून पुढे वायू चुंबकीय रेषांच्या कमानींवरून ताऱ्याच्या ध्रुवांकडच्या भागावर कोसळतो. अर्धे सौर वस्तुमान आणि दुप्पट सौर त्रिज्या असलेल्या ताऱ्यासाठी गणित केले, तर कोसळण्याचा वेग सेकंदाला सुमारे २७५ किलोमीटर येतो. हा वायू पृष्ठभागावर आदळतो तेथे आघातलहर तयार होते आणि तिची उष्णता खालचा पृष्ठभाग आठ ते दहा हजार अंशांपर्यंत तापवते.

या चित्रातून तीन वेगळ्या खुणा निघतात. ताऱ्याच्या प्रकाशाने तापलेली धूळ अवरक्त प्रकाश देते. कमानींवरून कोसळणारा वायू रुंद उत्सर्जन रेषा देतो. आघाताची तप्त जागा अतिनील आणि निळ्या प्रकाशाची भर घालते. पहिली खूण धुळीची आहे, उरलेल्या दोन वायूच्या.

पहिली पायरी: तारा, त्याचे अंतर आणि त्याचे वय

सिंबाड या खुल्या सूचीत ताऱ्याचे नाव टाकून स्थान, वर्णपटीय प्रकार (के७, एम० अशा खुणेने पृष्ठभागाचे तापमान सांगणारा) आणि इतर सूचींमधील नावे लिहून घ्यावीत. त्यानंतर गाया अंतराळयानाच्या तिसऱ्या विदासंचातून पराशय, म्हणजे पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणामुळे ताऱ्याच्या जागेत भासणारा सूक्ष्म बदल, घ्यावा. टीडब्ल्यू हायड्रीचा पराशय सुमारे १६.६ मिलिआर्कसेकंद आहे. एक हजाराला या आकड्याने भागले की अंतर ६० पार्सेक, म्हणजे सुमारे १९६ प्रकाशवर्षे येते. गायाच्या सूचीत मोजणीचा दर्जा सांगणारा एक स्तंभ असतो. त्यातील आकडा १.४ च्या वर असेल, तर ताऱ्याला जोडीदार असण्याची किंवा तेजस्वी तबकडीमुळे मोजणी बिघडल्याची शक्यता धरावी आणि पराशय जसाच्या तसा वापरू नये.

तारा तरुण आहे हे गृहीत धरू नये, ते तपासावे. सर्वांत भरवशाची खूण म्हणजे लिथियमची ६७०७.८ अँगस्ट्रॉमवरची शोषण रेषा. लिथियम सुमारे पंचवीस लाख अंश तापमानाला जळून नष्ट होते. हलक्या ताऱ्यांत वायूचे अभिसरण पृष्ठभागापासून खोलवर चालत असल्याने त्यांचे लिथियम काही दशलक्ष ते काही कोटी वर्षांत संपत जाते. टीडब्ल्यू हायड्रीच्या वर्णपटात ही रेषा सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम इतक्या तुल्य रुंदीची (रेषेच्या जोराचे हे माप तिसऱ्या पायरीवर समजावले आहे), म्हणजे स्पष्ट दिसते. या ताऱ्याजवळ कोणताही काळा मेघ नाही, आणि म्हणूनच १९८३ साली तो टी टॉरी प्रकारचा असल्याचे सांगितले गेले तेव्हा जन्मस्थानापासून तुटलेला तरुण तारा म्हणून त्याची विशेष चर्चा झाली. पुढे त्याच्यासोबत आकाशात एकाच दिशेने सरकणारे इतरही तरुण तारे सापडले आणि त्या विखुरलेल्या गटाला याच ताऱ्याचे नाव मिळाले. गटाचे वय सुमारे एक कोटी वर्षे धरले जाते. तरुण ताऱ्यांपैकी निम्म्यांच्या आतल्या तबकड्या साधारण तीस लाख वर्षांतच नाहीशा होतात, हे लक्षात घेता एक कोटी वर्षांनंतर टिकून असलेली तबकडी हा अपवाद आहे.

दुसरी पायरी: धुळीचा पुरावा

येथे ताऱ्याचा वेगवेगळ्या तरंगलांबींवरील ऊर्जेचा आलेख काढायचा असतो. व्हिझिएर या संकेतस्थळावर ताऱ्याच्या स्थानाभोवती काही आर्कसेकंदांच्या वर्तुळात सर्व सूचींमधील मोजण्या एकत्र मिळतात. टॉपकॅट या मोफत प्रणालीत त्या उघडून आलेख काढता येतो. किमान टूमास सर्वेक्षणाच्या जे, एच आणि के या तीन अवरक्त पट्ट्यांतील प्रती आणि वाइज उपग्रहाच्या चार प्रती तरी घ्याव्यात.

प्रतींचे ऊर्जाप्रवाहात रूपांतर कसे करायचे ते एका आकड्यावर पाहू. टूमासमध्ये टीडब्ल्यू हायड्रीची के पट्ट्यातील प्रत ७.३० आहे. या पट्ट्यात शून्य प्रतीचा प्रवाह ६६६.७ जान्स्की (ऊर्जाप्रवाहाचे एकक) असतो. दहाचा, उणे ०.४ गुणिले ७.३० इतका घात काढून त्याने ६६६.७ ला गुणले की ०.८० जान्स्की मिळतात. आयरास उपग्रहाने २५ मायक्रॉनवर या ताऱ्याचा प्रवाह सुमारे २.४ जान्स्की नोंदवला आहे. उघडा तारा असता तर के पट्ट्यापासून २५ मायक्रॉनपर्यंत जाताना प्रवाह शंभरपटीच्या आसपास घटायला हवा होता. येथे तो उलट तिप्पट झाला आहे. ही वाढ थंड धुळीवाचून शक्य नाही.

आता प्रत्येक प्रवाहाला त्याच्या वारंवारतेने गुणून आलेखाचा उतार काढावा. दोन्ही गुणाकारांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम उणे ०.५९ येतो, तरंगलांबींच्या गुणोत्तराचा १.०६ येतो, म्हणून उतार उणे ०.५५. प्रचलित वर्गीकरणात उतार ०.३ पेक्षा अधिक असेल तर तारा अजून भोवतालच्या आवरणात गुंतलेला, म्हणजे पहिल्या वर्गातील. ०.३ ते उणे ०.३ असेल तर सपाट वर्णपटाचा. उणे ०.३ ते उणे १.६ असेल तर तबकडी असलेला, दुसऱ्या वर्गातील. त्याहून खाली असेल तर धूळ जवळजवळ संपलेला, तिसऱ्या वर्गातील. टीडब्ल्यू हायड्री दुसऱ्या वर्गात बसतो.

पण हा आलेख नुसत्या उतारापुरता पाहून पुढे जाऊ नये. या ताऱ्याचा जे आणि एच प्रतींमधील फरक ०.६६ आहे आणि एच आणि के प्रतींमधील फरक ०.२६. के७ ते एम० प्रकारच्या ताऱ्याच्या उघड्या पृष्ठभागाचे रंग साधारण याच जागी येतात. म्हणजे एखाद्याने फक्त टूमासच्या रंगांचा आलेख काढला असता, तर येथे तबकडी असल्याचे त्याला जवळजवळ कळलेच नसते. कारण असे की दोन मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश ताऱ्याला अगदी लगटून असलेली, हजार ते दीड हजार अंश तापलेली धूळ देते, आणि टीडब्ल्यू हायड्रीच्या तबकडीत त्या आतल्या भागात सूक्ष्म धूळ फारच विरळ आहे. दहा मायक्रॉनच्या पुढे मात्र आलेख एकदम चढतो. अशा तबकड्यांना संक्रमणावस्थेतील तबकड्या म्हणतात. त्यामुळे जवळच्या अवरक्त रंगांत अतिरेक दिसला नाही, तर ‘तबकडी नाही’ असे न लिहिता ‘आतल्या भागात तप्त धूळ आढळली नाही’ एवढेच लिहावे.

वृषभ किंवा भुजंगधारी यांसारख्या मेघांतील ताऱ्यांसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. मेघातील धूळ ताऱ्याचा प्रकाश मंद आणि लालसर करते, त्यामुळे ते मंदन आधी वजा करावे लागते. दृश्य प्रकाशात एक प्रत मंदन असेल तर जे पट्ट्यात ते सुमारे ०.२८ आणि के पट्ट्यात सुमारे ०.११ प्रत असते. टीडब्ल्यू हायड्रीपर्यंतच्या वाटेत असे मंदन नगण्य आहे, म्हणून सरावासाठी तो सोयीचा.

तिसरी पायरी: वायूचा पुरावा

हे काम हायड्रोजन-अल्फा रेषेपासून सुरू करावे. हवेत मोजलेली तिची तरंगलांबी ६५६२.८ अँगस्ट्रॉम आहे. युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या खुल्या संग्रहात चिलीतील एक्स-शूटर आणि फेरोस या उपकरणांनी घेतलेले टीडब्ल्यू हायड्रीचे तयार वर्णपट मिळतात. उत्तरेकडच्या ताऱ्यांसाठी चीनमधील लॅमोस्ट दुर्बिणीचा संग्रह उपयोगी पडतो.

वर्णपट उघडल्यावर सर्वांत आधी तरंगलांबी हवेतील आहे की निर्वातातील ते पाहावे. निर्वातात हीच रेषा ६५६४.६ अँगस्ट्रॉमवर येते. १.८ अँगस्ट्रॉमचा हा फरक वेगात रूपांतरित केला तर सेकंदाला सुमारे ८३ किलोमीटर भरतो. लॅमोस्टचे वर्णपट निर्वातातील तरंगलांबीत असतात. पहिल्या वेळी ही नोंद माझ्या नजरेतून सुटली आणि एका ताऱ्यातून वायू आपल्यापासून दूर धावत असल्याचा निष्कर्ष मी वहीत लिहून ठेवला होता. शेजारची लिथियमची रेषाही तितकीच सरकलेली दिसली तेव्हा चूक ध्यानात आली. म्हणून हायड्रोजन-अल्फासोबत प्रत्येक वेळी एखादी शांत शोषण रेषाही मोजावी.

नंतर रेषेच्या दोन्ही बाजूंचा सपाट प्रकाश, म्हणजे सलग वर्णपट, सरळ रेषेने जोडून तो एक या पातळीवर आणावा. यासाठी निवडलेले पट्टे रेषेच्या पंखांपासून पुरेसे दूर असावेत, कारण टी टॉरी ताऱ्यात हे पंख मध्यापासून दहा अँगस्ट्रॉमपेक्षाही लांब पसरू शकतात. पंखांवरच सपाट पातळी बसवली की रेषा हमखास लहान मोजली जाते. या पातळीच्या वरचे क्षेत्रफळ काढले की तुल्य रुंदी मिळते. सपाट प्रकाशाचा तेवढाच प्रकाश देणारा पट्टा किती रुंद असता, हे ती सांगते.

ही रुंदी किती असली म्हणजे वायू पडतो आहे असे म्हणावे? तरुण ताऱ्याचे वर्णावरणही, म्हणजे पृष्ठभागावरचा विरळ तप्त थरही, थोडी हायड्रोजन-अल्फा देते, आणि थंड ताऱ्यांचा लाल भागातील सपाट प्रकाश मुळात कमी असल्याने त्यांच्यात तीच रेषा मोठी भासते. म्हणून मर्यादा वर्णपटीय प्रकारानुसार बदलते: के० ते के५ साठी ३ अँगस्ट्रॉम, के७ ते एम२.५ साठी १०, एम३ ते एम५.५ साठी २० आणि त्याहून थंड ताऱ्यांसाठी ४०. टीडब्ल्यू हायड्रीची तुल्य रुंदी निरीक्षणागणिक बदलते, पण ती शंभरच्या वरच राहते. सीमारेषेवरचा प्रश्नच येथे उद्भवत नाही. थोडक्यात, ज्या ताऱ्याच्या जवळ तप्त धूळ जवळजवळ दिसत नाही, त्याच ताऱ्यावर वायू मात्र जोमाने पडतो आहे.

दुसरी मोजणी रेषेच्या वेग-रुंदीची. शिखराच्या उंचीच्या दहा टक्के पातळीवर रेषा किती रुंद आहे ते पाहावे. सेकंदाला २७० किलोमीटरपेक्षा अधिक रुंदी वर्णावरणातून येत नाही, ती कोसळत्या वायूचीच असते. ही रीत सपाट प्रकाशाच्या पातळीवर फारशी अवलंबून नसल्याने थंड ताऱ्यांसाठी चांगली, पण तिला पुरेशा विभेदनाचा, म्हणजे जवळच्या तरंगलांबी वेगळ्या दाखवणारा, वर्णपट लागतो. ज्या उपकरणाची विभेदनक्षमता एक हजार आहे, ते अगदी बारीक रेषाही सेकंदाला ३०० किलोमीटर रुंद दाखवते. अशा वर्णपटावर २७० ची कसोटी लावण्यात काहीच अर्थ नाही. हौशी निरीक्षकांकडील साध्या ग्रेटिंगचा वर्णपट असेल तर तुल्य रुंदीवरच थांबावे.

शक्य असेल तर हीलियमची ५८७६ अँगस्ट्रॉमची रेषा आणि ८४९८, ८५४२ आणि ८६६२ अँगस्ट्रॉमवरील कॅल्शियमच्या तीन रेषाही पाहाव्यात. ६३०० अँगस्ट्रॉमवरची ऑक्सिजनची रेषा तबकडीतून बाहेर वाहणाऱ्या वायूबद्दल सांगते, परंतु आपल्या वातावरणाचा रात्रप्रकाशही नेमकी हीच रेषा देतो. आकाशाचा प्रकाश नीट वजा झाला आहे याची खात्री नसेल, तर तिच्यावर विसंबू नये.

चौथी पायरी: वर्षाला किती वायू पडतो?

आता आकडा काढू. सरावासाठी टीडब्ल्यू हायड्रीची तांबड्या पट्ट्यातील प्रत १० आणि हायड्रोजन-अल्फाची तुल्य रुंदी १५० अँगस्ट्रॉम धरू. प्रत्यक्ष कामात हे दोन्ही आकडे शक्यतो एकाच रात्रीचे असावेत.

शून्य प्रतीच्या ताऱ्याचा तांबड्या पट्ट्यातील प्रवाह दर चौरस सेंटीमीटरला, दर सेकंदाला, दर अँगस्ट्रॉमला सुमारे २.१८ गुणिले दहाचा उणे ९ वा घात इतके अर्ग असतो. दहाव्या प्रतीला तो दहा हजारपट कमी. त्याला १५० ने गुणले की रेषेचा प्रवाह ३.३ गुणिले दहाचा उणे ११ वा घात येतो. या आकड्याला पार्सेकमधील अंतराच्या वर्गाने, म्हणजे ३६०० ने, आणि ३१,३०० या रूपांतराच्या अंकाने गुणावे. उत्तर ०.००३७ येते. रेषेची दीप्ती सूर्याच्या एकूण दीप्तीच्या ०.००३७ पट आहे असा त्याचा अर्थ. यात एक बारकावा राहतो. तांबड्या पट्ट्याची रुंदी सुमारे दीड हजार अँगस्ट्रॉम असल्याने १५० अँगस्ट्रॉमची रेषा त्या प्रतीत स्वतःच दहा टक्क्यांच्या आसपास भर घालते. इतकी मोठी रेषा असताना ही भर वजा करणे योग्य.

रेषेच्या दीप्तीवरून आघाताच्या जागी मुक्त होणारी एकूण दीप्ती काढण्यासाठी अनुभवजन्य सूत्रे आहेत. वृक तारकासमूहातील तरुण ताऱ्यांच्या एक्स-शूटर वर्णपटांवरून आल्काला आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दिलेल्या सूत्रानुसार, हायड्रोजन-अल्फाच्या दीप्तीच्या लॉगॅरिदमला १.१३ ने गुणून त्यात १.७४ मिळवावेत. दोन्ही दीप्ती सौर एककांत. ०.००३७ चा लॉगॅरिदम उणे २.४३, म्हणून उत्तर उणे १.०१. याचा अर्थ पडणाऱ्या वायूची दीप्ती सूर्याच्या सुमारे एक दशांश आहे.

ही ऊर्जा वायूच्या पडण्यातून येते, म्हणून तिच्यावरून वस्तुमान निघते. वायू ताऱ्याच्या पाच त्रिज्यांवरून पडायला लागतो असे धरले, तर दीप्तीला त्रिज्येने गुणून आणि वस्तुमानाने भागून, सर्व सौर एककांत, आलेल्या संख्येला वर्षाला चाळीस अब्जांश सौर वस्तुमान या अंकाने गुणायचे, म्हणजे ४ गुणिले दहाचा उणे ८ वा घात याने. त्रिज्या १.१ आणि वस्तुमान ०.७ घेतले तर टीडब्ल्यू हायड्रीसाठी उत्तर वर्षाला सुमारे सहा अब्जांश सौर वस्तुमान येते.

हा आकडा वहीत लिहिताना त्याच्याजवळच शंका घेण्याच्या जागाही लिहाव्यात. या ताऱ्याचा वर्णपटीय प्रकार दृश्य प्रकाशात के७ च्या जवळ आणि अवरक्त प्रकाशात एम२ च्या जवळ येतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर मोठे थंड डाग आहेत. प्रकार बदलला की वस्तुमान बदलते, आणि ०.७ ऐवजी ०.४ धरले तर उत्तर पावणेदोनपट होते. शिवाय वेग-रुंदीवरूनही दर काढता येतो: रुंदीला ०.००९७ ने गुणून त्यातून १२.८९ वजा केले की वार्षिक दराचा लॉगॅरिदम मिळतो. रुंदी ४०० धरली तर वर्षाला केवळ एक अब्जांश सौर वस्तुमान येते, म्हणजे आधीच्या उत्तराच्या सहावा भाग. दोन्हींपैकी एक चुकीचे आहे असे समजू नये. या ताऱ्याची तबकडी आपल्याला जवळजवळ समोरून, अवघ्या पाच-सात अंशांच्या कलाने दिसते, आणि वेग-रुंदीचे सूत्र वेगवेगळ्या कलांच्या अनेक ताऱ्यांवर बेतलेले असल्याने एका ताऱ्यापुरते ते सहज तीन-चारपटीने, कधी त्याहूनही अधिक हुकते. म्हणून अंतिम उत्तर ‘एक ते सहा अब्जांश’ असे पल्ल्याच्या रूपात द्यावे. तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेला दर अचूक भासतो, पण मोजणीच्या जोरापेक्षा जास्त दावा करतो.

पाचवी पायरी: तोच तारा पुन्हा पाहणे

टी टॉरी ताऱ्याची एका रात्रीची मोजणी ही त्या रात्रीची असते. तारा फिरतो तशी तप्त जागा समोर येते आणि मागे जाते, आणि वायूचा ओघही कमीजास्त होतो. टेस उपग्रहाच्या खुल्या तेजनोंदींत हे बदल मिनिटामिनिटाने पाहता येतात. मात्र टेसचा एक पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा असल्याने शेजारचा तारा त्यात मिसळलेला नाही हे आधी तपासावे.

या ताऱ्याच्या बाबतीत घडलेला एक प्रसंग प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. २००८ साली टीडब्ल्यू हायड्रीच्या त्रिज्य वेगात, म्हणजे आपल्याकडे येण्याच्या किंवा दूर जाण्याच्या वेगात, ३.५६ दिवसांची आवर्तने सापडली आणि तेथे गुरूच्या सुमारे दहापट वस्तुमानाचा ग्रह असल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवले की वेगातील बदलाची मात्रा दृश्य प्रकाशात जितकी होती तितकी अवरक्त प्रकाशात नव्हती. ग्रहाने ताऱ्याला ओढले असते तर ती सर्व तरंगलांबींवर सारखीच असायला हवी होती. ती आवर्तने ताऱ्यावरच्या डागाची होती. तरुण ताऱ्याचे आवर्तन सापडले तर पहिला संशय त्याच्या परिवलनावर घ्यावा, तो याचसाठी.

काही तारे याहून मोठे बदल दाखवतात. मृग तारकासमूहातील एफयू ओरायनिस १९३६–३७ च्या सुमारास सहा प्रतींनी उजळला आणि अजून फारसा मावळलेला नाही. त्याच तारकासमूहातील व्ही१६४७ ओरायनिस भोवतीची तेजोमेघिका जानेवारी २००४ मध्ये जे मॅकनील या हौशी निरीक्षकाच्या लहान दुर्बिणीतील छायाचित्रात प्रथम सापडली. २००८ साली हा तारा पुन्हा उजळला, तेव्हा भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी लडाखमधील हानले येथील दोन मीटर व्यासाच्या हिमालयीन चंद्र दुर्बिणीने आणि आंबेगाव तालुक्यातील, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या गिरवली दुर्बिणीने २०१३ पर्यंत शंभराहून अधिक रात्री त्याच्या प्रती मोजल्या आणि वर्णपटही घेतले. पुण्यापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावरच्या डोंगरावरून झालेले हे काम मराठी वाचकांना फारसे माहीत नाही याची मला खंत वाटते. तरुण ताऱ्यावर पाच वर्षे सतत नजर ठेवणे म्हणजे काय, हे त्यातून शिकता येते.

सहावी पायरी: मिळालेला दर तबकडीच्या वस्तुमानाशी ताडून पाहणे

चिलीतील आल्मा दुर्बिणींच्या संचाने २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या टीडब्ल्यू हायड्रीच्या चित्रात एकात एक गुंतलेली तेजस्वी कडी आणि त्यांच्यामधल्या काळ्या फटी दाखवल्या. सर्वांत आतली फट ताऱ्यापासून साधारण एक खगोलीय एककावर, म्हणजे आपली पृथ्वी सूर्यापासून आहे तितक्या अंतरावर आहे. हे चित्र पाहताना ते मिलिमीटर आकाराच्या धुळीचे आहे हे विसरू नये. काळ्या फटीत वायूही नाही असे त्यावरून ठरत नाही. उलट ताऱ्यावर पडणारा वायू या फटी ओलांडूनच आत येत असला पाहिजे, हे आपण चौथ्या पायरीवर मोजलेल्या दरावरून कळते.

हर्शेल अवकाश दुर्बिणीने जड हायड्रोजनयुक्त रेणूची एक रेषा मोजली. तिच्यावरून २०१३ साली या तबकडीचे वस्तुमान किमान ०.०५ सौर वस्तुमान ठरवण्यात आले. त्याला आपल्या सहा अब्जांशांनी भागले तर सुमारे ८० लाख वर्षे येतात. एक अब्जांशाने भागले तर पाच कोटी वर्षे. ताऱ्याचे वय सुमारे एक कोटी वर्षे असल्याने पहिले उत्तर वयाच्या जवळ बसते, आणि दुसऱ्यासाठी तबकडीचा ऱ्हास घडवणारे दुसरे एखादे कारण, उदाहरणार्थ ताऱ्याच्या अतिनील किरणांनी तापून उडून जाणारा वायू, हिशेबात घ्यावे लागते. आकडा वास्तवाला धरून आहे की नाही, हे पाहण्याचा यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही.

टीडब्ल्यू हायड्रीवर हात बसला की हिवाळ्यात वृषभ राशीतील बीपी टॉरी आणि व्ही८१९ टॉरी ही जोडी घ्यावी. दोन्ही तारे के७ प्रकारचे आहेत आणि एकाच मेघसमूहात जन्मलेले आहेत. पहिल्यावर वायू पडतो आहे, दुसऱ्यावर नाही. दोघांचे वर्णपट एकाच मोजपट्टीवर आणून एकावर एक ठेवावेत. लिथियमची रेषा दोन्हींत दिसेल, हायड्रोजन-अल्फा पहिल्यात उंच आणि रुंद, दुसऱ्यात लहान आणि बारीक असेल, आणि निळ्या भागात बीपी टॉरीच्या शोषण रेषा आघाताच्या वाढीव प्रकाशाने अर्धवट भरून उथळ झालेल्या आढळतील. त्या उथळपणाची मात्रा मोजली की वायूच्या दराचा, हायड्रोजन-अल्फापासून अगदी स्वतंत्र असा, आणखी एक अंदाज हाती येतो.